पलंगाशी टांगायची ५०० मिलीची हँडरब: द्रव ठीक, पंप पारखून घ्या

आपल्याकडे हँडरबची (हातांना चोळायच्या अल्कोहोलच्या जंतुनाशक द्रवाची) बाटली कुठल्याही कंपनीची असो, वॉर्डात तिचं नाव स्टेरिलियमच. त्यामुळे स्टोअरमधून काय आलंय याकडे कुणी पाहत नाही, आणि लेबल मात्र आधी वाचायला हवं. मूळ स्टेरिलियममध्ये दर १०० ग्रॅमला २-प्रोपॅनॉल ४५ ग्रॅम, १-प्रोपॅनॉल ३० ग्रॅम (दोन्ही अल्कोहोलच) आणि मेसेट्रोनियम इथाइलसल्फेट हे जंतुनाशक ०.२ ग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, सोबत १.४५ टक्के ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. यातलं पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नसतंच; द्रवात किंवा बाटलीत शिरलेले बीजाणू (जंतूंची टणक, सुप्त रूपं) मारायला ते घालतात. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाणच नसेल तर ती बाटली परत पाठवावी. नुसता छान वास वॉर्डात कामाचा नाही.

द्रवाबद्दल फारशी तक्रार नाही. ग्लिसरीनमुळे दिवसभरात हात जरा चिकट होतात, पण ते काढून टाकलं तर आठवड्यात कातडी फुटते आणि सिस्टर बाटलीला हात लावणं सोडतात. जेलपेक्षा पातळ द्रव बरा, लवकर वाळतो. पावडरवाले ग्लोव्हज काढून लगेच चोळलं तर हातावर कणकण जमते. दोष पावडरचा, बोलणी मात्र हँडरब खातो.

खरी पारख पंपाची. बऱ्याच पंपांतून एका दाबात दीड मिलीच्या आसपास द्रव येतो, काहींतून त्याहूनही कमी. स्टेरिलियमसारख्या द्रवाला दर वेळी ३ मिली लागतं, म्हणजे दोन पूर्ण दाब. नवी बाटली लावली की दहा दाब सिरिंजमध्ये मोजून घ्या आणि दहाने भागा. दोन मिनिटांचं काम आहे. अर्धाच दाब घेतला तर दहा सेकंदांत हात कोरडे होतात, आणि घासायला हवेत २० ते ३० सेकंद. आधी सुटतात ते अंगठे आणि बोटांची टोकं, आणि कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) धरतात नेमकी हीच. म्हणून तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या फटी झाल्या की अंगठा मुठीत धरून फिरवायचा आणि टोकं तळव्यावर घासायची. हात आपोआप वाळू द्यायचे; एप्रनला पुसले की सगळं वाया. अंगठी आणि बांगड्यांखाली द्रव पोचत नाही, हे वेगळं सांगायला नको.

बाटली कुठे टांगता यावर निम्मं काम अवलंबून. दाराजवळची बाटली राउंडला येणाऱ्यांची सोय. रुग्णाचा हात धरून नाडी पाहिली आणि आता आयव्हीचं (शिरेतल्या सलाइनच्या नळीचं) तोंड उघडायचं, या दोन्हींच्या मध्ये हात स्वच्छ करायचे असतात; तेवढ्यासाठी कुणी दारापर्यंत चालत जाणार नाही. ब्रॅकेट पलंगाच्या पायथ्याच्या रेलिंगला हवं, एक बाटली ड्रेसिंग ट्रॉलीवर हवी. लहान मुलांच्या वॉर्डात मात्र खिशातली १०० मिलीचीच बरी. नुसती रेलिंग वर केली किंवा सलाइनच्या पंपाचा अलार्म बंद केला, रुग्णाला हात लावला नाही, तरी चोळायचंच. सर्वांत जास्त चुकतं ते इथे.

आता मर्यादा. हातावर रक्त, लघवी किंवा चिकटपणा दिसत असेल तर साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूच्या जुलाबाचा रुग्ण असेल तरीही साबणच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. ओल्या हातावर चोळू नये, द्रव पातळ होतो. ग्लोव्हजवर चोळून तेच ग्लोव्हज पुढच्या रुग्णाला वापरणं तर अजिबात नको. आणि हा द्रव कापसावर ओतून आयव्हीचं तोंड पुसू नये. ते काम ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबचं.

अर्धी रिकामी बाटली वरून भरण्याची सवय मोडायला हवी. जुना उरलेला द्रव, पंपाची ओली नळी आणि नवा लॉट एकत्र झाले की कशाची मुदत कधी संपते हे कळत नाही. बाटली संपली की पंपासकट बदला, उघडल्याची तारीख मार्करने लिहा. द्रव ज्वालाग्राही आहे; वर सांगितलेल्या इथेनॉलच्या सूत्राचा ज्वलनांक १७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीही तो पेट घेऊ शकतो. पाच लिटरचे कॅन ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) गरम खोलीत रचू नयेत.

किती मागवायचा? जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा आहे १,००० रुग्णदिवसांना २० लिटर. ३० खाटांचा भरलेला वॉर्ड म्हणजे महिन्याला ९०० रुग्णदिवस, म्हणजे १८ लिटर, ५०० मिलीच्या ३६ बाटल्या. एवढं करूनही, दर वेळी ३ मिली धरले तर, एका रुग्णामागे दिवसभरात, तिन्ही ड्युट्या मिळून, सातसुद्धा वेळा हात चोळले जात नाहीत. इंडेंटवर (स्टोअरकडच्या महिन्याच्या मागणीपत्रावर) दहाच बाटल्या असतील तर दोनदाही नाहीत. मग हात स्वच्छ केल्याच्या ऑडिटच्या तक्त्यात ९० टक्के लिहिलेलं असलं तरी इन्चार्ज सिस्टरनी आधी स्टोअरचं रजिस्टर उघडावं.