एकाच लेखिकेची दोन कपाटे

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या लहानशा वाचनालयाचा मी गेली दोन वर्षे सभासद आहे. त्याविषयी लिहावेसे वाटले ते विभावरी शिरूरकर यांच्या कादंबऱ्यांमुळे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह निघाला तेव्हा मोठे वादळ उठले होते आणि या टोपणनावामागे कोण आहे याचा शोध सुरू झाला होता, एवढेच मला ठाऊक होते. कादंबऱ्या मात्र एकही वाचलेली नव्हती. स्टेशनजवळच्या एका दुकानात ‘बळी’ मागितली, तर विक्रेत्याला लेखिकेचे नावही माहीत नव्हते.

वाचनालयात संगणकावरच्या यादीत ‘हिंदोळ्यावर’ तेवढी सापडली. ग्रंथपाल बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मालतीबाई बेडेकरांच्या खणात पाहिलंत का?” विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई; कोणीतरी काही पुस्तके टोपणनावाखाली, तर काही खऱ्या नावाखाली नोंदवल्यामुळे एकच लेखिका दोन कपाटांत विभागली गेली होती. वाचनालयाची ही मोठी उणीव आहे. पण बाईंना प्रत्येक पुस्तकाची जागा पाठ असल्याने पाच मिनिटांत ‘बळी’ माझ्या हातात आली. खाकी वेष्टण, दोऱ्याने पुन्हा शिवलेली बांधणी आणि मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००९ सालचा! इतकी वर्षे कोणी न नेलेले पुस्तक रद्दीत न काढता शिवून ठेवले, यासाठीच मी या वाचनालयाला पैकीच्या पैकी गुण देईन.

‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मधील नायिका अचलेचे धाडस आजही थक्क करते, मात्र कादंबरीतील चर्चा काही ठिकाणी लांबल्या आहेत. १९५० सालची ‘बळी’ वेगळ्याच ताकदीची आहे. ज्या जमातींवर इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेणारी सोलापूरची सेटलमेंट मालतीबाईंनी तेथे अधिकारी म्हणून काम करताना आतून पाहिली होती, आणि म्हणूनच या कादंबरीत दुरून व्यक्त केलेली कणव नाही. भूक, मारझोड, माया आणि कुंपणाबाहेर पडण्याची धडपड हे सारे त्या माणसांच्याच तोंडून येते. मी ती दोन रात्रींत संपवली आणि पुन्हा पहिल्या पानावर गेलो. असे पुस्तक आपल्या घरांतून दिसेनासे व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, म्हणजे पुस्तके सांभाळण्याची या गावाची सवय जुनी आहे. आमच्या वाचनालयाने दोन्ही नावांच्या नोंदी एकमेकींना जोडाव्यात, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलो आहे. मुलींना शिकवण्यासाठी झटणाऱ्या आपल्या वडिलांवर मालतीबाईंनी लिहिलेली ‘खरेमास्तर’ सध्या माझ्याकडे आहे. ती मंगळवारी परत करीन. ज्यांना हवी असेल त्यांनी बेडेकरांच्या खणात पाहावे.