ख्रिस्ती नजरेतून सामाजिक लेखन: वसईतल्या कार्यशाळेबद्दल

सामाजिक प्रश्नांवर ख्रिस्ती नजरेतून लिहायला सुरुवात करायची असेल, तर आमच्या शेजारच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) हॉलमध्ये पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी भरणारी लेखन कार्यशाळा जरूर करा. फी ५०० रुपये, चहा-नाश्ता त्यातच. मी शाळेत मराठी शिकवते. लेखन शिकवण्याच्या नावाखाली सुविचार घोकून घेणारे वर्ग मी खूप पाहिलेत, म्हणून हा वर्ग जास्तच आवडला.

पहिल्या दिवशी बायबल उघडायला सांगितलंच नाही. हातात एक झेरॉक्स दिली. मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. मुक्ता जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी, ख्रिस्ती नव्हे. तिचा निबंध १८५५ साली छापला ‘ज्ञानोदय’ने, म्हणजे १८४२ मध्ये नगरला अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या नियतकालिकाने. शिकवणाऱ्या बाई निवृत्त पत्रकार आहेत. त्यांनी निबंध मोठ्याने वाचून घेतला आणि विचारलं, “यात छापणाऱ्याचं ख्रिस्तीपण कुठे दिसतं?” बराच वेळ कुणी बोलेना. मग मागे बसलेली कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “तिचं दुःख तिलाच सांगू दिलं, तिथे.” बाईंनी पुढे जे जे शिकवलं ते याच धाग्याने.

बाबा पदमनजींनी विधवांच्या हालांवर १८५७ मध्ये कादंबरी लिहिली, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, हा इतिहास त्यांनी झटपट सांगितला. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंवर मात्र त्या रेंगाळल्या, आणि वसईत ते साहजिकच आहे. इथली हिरवाई वाचवण्यासाठीची हरित वसईची चळवळ इथल्या घराघरांनी पाहिली आहे. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन आणि रस्त्यावरचं आंदोलन ही दोन्ही कामं एकच माणूस करत होता, हे तरुण मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

खरी कमाई दुरुस्तीच्या तासांची. एका मुलाने गावातलं बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं, बुजवल्याबद्दल लिहून आणलं होतं. पहिलं पानभर बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातली वचनं, मग निसर्ग ही देवाची देणगी वगैरे. बाईंनी ते पान बाजूला ठेवलं. “बावखल कुणाच्या जागेत होतं रे? सातबारा पाहिलास? त्याच्यावर रहाट होता का? पाणी कुणाच्या वाडीला जायचं?” पोरगा हिरमुसला, पण पुढच्या खेपेला म्हाताऱ्यांशी बोलून आला. नव्या लेखात बावखलाच्या काठची केळी आणि पानवेली होत्या, भराव टाकल्यापासून ज्यांच्या अंगणात पाणी तुंबतं ती घरं होती, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी कसं बदललं ते होतं. शेवटाकडे त्याने बायबलमधला नाबोथाचा द्राक्षमळा आणला. वडिलोपार्जित जमीन राजाला विकायला नकार देणारा नाबोथ, त्याच्यावर खोटा आळ, त्याचा खून, आणि मग राजाला जाब विचारायला उभा राहिलेला एलिया संदेष्टा. तीनच ओळी, पण अंगावर काटा आला. आधी आपला गाव नीट दिसला होता, म्हणून बायबलमधला मळाही दिसला.

चर्चच्या सामाजिक शिकवणीचा तास मात्र फसला. पोप लिओ तेरावे यांचं कामगारांविषयीचं १८९१ चं परिपत्रक ते पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं २०१५ चं, एवढा पल्ला एका बैठकीत उरकला. पाहुण्या वक्त्यांनी नोट्स वाचून दाखवल्या, आम्ही उतरवून घेतल्या. त्यातला एक परिच्छेद घेऊन वसईतल्या एखाद्या प्रश्नावर लिहायला दिलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. नगरकडून येऊन नालासोपाऱ्यात राहणाऱ्या एका भावाला दलित ख्रिस्ती लोकांवर लिहायचं होतं. अनुसूचित जातींच्या यादीतून १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने त्यांना बाहेर ठेवलं. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती दारं उघडली, ख्रिस्ती माणूस अजून बाहेरच आहे. आणि त्याला याच लेखात हेही विचारायचं होतं, की लग्न जुळवताना आपण चर्चमध्येसुद्धा जात का पाहतो? आयोजक म्हणाले, “विषय नाजूक आहे, पुढे कधीतरी घेऊ.” तो लेख लिहिलाच गेला नाही. मुक्ता साळवेचा निबंध वाचून सुरू झालेल्या वर्गात हे व्हावं याचा मला राग आला, आणि तसं मी आयोजकांना तोंडावर सांगितलं. बिल्डरबद्दल लिहायला मोकळीक आणि आपल्याच घरातल्या जातीबद्दल नाही, हे चालणार नाही.

तरीही जा. कॉलेजच्या मुलांना तर पाठवाच, बाईंसारखी लेखावर हात ठेवून शिकवणारी माणसं फार थोडी आहेत. नाव नोंदवताना दुरुस्तीचे तास किती आहेत ते विचारून घ्या, आणि जातीचा विषय या खेपेला आहे का तेही विचारा. चार जणांनी विचारलं तर त्यांना तो घ्यावा लागेल.