पार्टनरला एलएलसीतून काढायला वकील केला, ४ स्टार

न्यू जर्सीत आमची तिघांची एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आणि तिचे मालक ते मेंबर. तिसरा मेंबर ना कामाला हात लावतो ना पैसे टाकतो, मेसेज वाचून गप्प, पण प्रॉफिटचा वाटा विचारायला वेळेवर हजर. त्याला काढायचं म्हणून या लॉ ऑफिसात गेलो.

वकीलबाईंनी पहिल्याच मीटिंगला आमची हवा काढली. ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे कंपनी कशी चालवायची याचा मेंबरांमधला करार, आहे का? होतं, ऑनलाइन घेतलेलं रेडिमेड, आणि त्यात मेंबरला काढायचं कलमच नाही. मग लागू होतो स्टेटचा कायदा, आणि तिथे दोन विरुद्ध एक मत म्हणजे झालं असं अजिबात नसतं, कोर्टात जाता येतं पण 'आमचं पटत नाही' एवढ्यावर जज ऐकत नाही. त्यांनी २०१६ ची आयई टेस्ट विरुद्ध कॅरोल ही केस सांगितली, तिथेही तीनच मेंबर, लेखी अ‍ॅग्रीमेंट नाही, खालच्या कोर्टाने एकाला काढलं आणि न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. टेक्सासमध्ये तर अ‍ॅग्रीमेंटमध्ये सोय नसेल तर मेंबरला काढताच येत नाही म्हणे.

कोर्टात केस लढवली तर स्वतःला जास्त फी मिळेल हे दिसत असूनही बाईंनी आम्हाला बायआउटकडे, म्हणजे त्याचा हिस्सा विकत घेण्याकडे, वळवलं, हे मला सगळ्यात आवडलं. कंपनीची किंमत दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या सीपीएकडून (अकाउंटंट), पैसे हप्त्याने, दोन्हीकडून रिलीज, म्हणजे पुढे एकमेकांवर दावा नाही असं लिहून देणं. त्याला पटलं ते टॅक्समुळे, कारण पैसे हातात येवोत न येवोत के-१ वर (प्रत्येक मेंबरचा प्रॉफिटचा वाटा दाखवणारा टॅक्स फॉर्म) त्याच्या नावे दाखवलेल्या प्रॉफिटवर टॅक्स त्यालाच भरावा लागतो. बँकेच्या लोनवर त्याची पर्सनल गॅरंटी आहे हे तर आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं, ते बाईंनी पकडलं. आणि आयआरएसकडे (अमेरिकेचं टॅक्स खातं) रिस्पॉन्सिबल पार्टी, म्हणजे कंपनीचा कारभार ज्याच्या हातात ती व्यक्ती, म्हणून नाव त्याचंच होतं, ते ६० दिवसांत फॉर्म ८८२२-बी भरून बदलायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

एक स्टार कापला बिलिंगसाठी. दोन ओळींच्या ईमेललाही सहा मिनिटं लावतात, आणि पॅरालीगलने (वकिलाच्या मदतनीसाने) पाठवलेल्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव, ते दुरुस्त करायचे पैसे मात्र भांडून माफ करून घेतले. आणखी एक, त्या कंपनीच्या वकील, तुमच्या नाही, हे त्या आधीच स्पष्ट सांगतात, तेव्हा उरलेल्या दोघांतच काही बिनसलेलं असेल तर वेगळा वकील बघा. जाताना अ‍ॅग्रीमेंट, लोनचे पेपर, मागचे के-१ सगळं घेऊन जा, नाहीतर ते शोधण्यातही मीटर चालू असतो.