रक्तवाढीच्या गोळ्या: काही महिने घेतल्यावरचा अनुभव

हिमोग्लोबिन कमी आलं की डॉक्टर बहुधा फेरस ॲस्कॉर्बेट लिहून देतात: लोह १०० मिलिग्रॅम, सोबत फॉलिक ॲसिड १.५ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं. फुकट मिळते म्हणून तिला कमी लेखू नका, नेमाने घेतली तर ती उत्तम काम करते. पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह, किती ते बघायचं. फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५च असतं.

गोळी वाया जाते ती मुख्यतः चहापायी. उठल्याउठल्या चहा, मग पोहे, त्यावर गोळी, पुन्हा चहा, असा क्रम असेल तर महिनोन् महिने घेऊनही आकडा जेमतेम हलतो. चहातली टॅनिन्स आणि दुधातलं कॅल्शियम, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. रिकाम्या पोटी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर गोळी घ्या आणि चहा निदान तासाभराने. सकाळचा चहा सुटतच नसेल तर रात्री जेवणानंतर दोन-तीन तासांनी घेतलेली बरी. थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर हवंच, म्हणजे थायरॉईडची सकाळी आणि लोहाची रात्री, असं जमतं. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. ॲसिडिटीचं औषध रोज चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की लोह कमी शोषलं जातं.

मळमळ आणि बद्धकोष्ठ यांना कंटाळून पुष्कळ जण दुसऱ्या आठवड्यातच गोळी सोडतात. त्याआधी डॉक्टरांना दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लोह एकदम घेतलं की यकृतातून हेप्सिडिन हे लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक जास्त स्रवतं आणि साधारण २४ तास आतड्याची दारं अर्धवट मिटतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी लागू पडतं, त्रास मात्र तेवढाच होतो. गरोदरपणात स्वतःच्या मनाने दिवसाआड करू नका, तिथे रोजचीच गोळी दिलेली असते. अगदीच सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण घटेल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते परवडलं. शौचाला काळपट-हिरवट होणं अपेक्षितच आहे. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची काळी शौच झाली तर मात्र लगेच दाखवा, तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधा: पाळीत जास्त जाणारं रक्त, मूळव्याध, पोटातला अल्सर. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत हा शोध सुरुवातीलाच व्हायला हवा. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) खूप कमी पण फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) व्यवस्थित, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषासाठी एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या. त्यात लोह कमी नसेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही.

हिमोग्लोबिन १२च्या वर गेलं, दम लागेनासा झाला, की गोळ्या बंद होतात आणि सहा-आठ महिन्यांत परत पहिले पाढे. रक्त भरलं तरी शरीरातला साठा रिकामाच असतो, म्हणून आकडा सुधारल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची आणि मग फेरिटिन तपासायचं. त्यासोबत सीरम आयर्नही (रक्तात त्या वेळी फिरणारं लोह) करणार असाल तर त्या सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच घ्या, नाहीतर आकडा खोटाच चढलेला दिसतो.