स्लीव्ह शस्त्रक्रिया: काही वर्षांनंतरचा अभिप्राय

पुण्यातल्या एका हॉस्पिटलात माझी वजन कमी करण्यासाठीची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात. पहिल्या वर्षी वजन भराभर उतरतं, सगळे कौतुक करतात. खरा हिशोब त्यापुढचा. थोडं वजन परत येतं, माझंही आलं. पण मधुमेहासाठी घ्यावं लागणारं इन्सुलिन सुटलं ते सुटलंच, आणि जिना चढताना गुडघे दुखत नाहीत. काट्यावरच्या आकड्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. सर्जन उत्तमच, पण पैकीच्या पैकी गुण आहारतज्ज्ञ ताईंना: आधी अंडं, पनीर, मूग, भाकरी शेवटी, जेवताना पाणी नाही. बी-12 आणि लोहाच्या तपासणीसाठी त्या अजूनही स्वतः फोन करतात. तक्रार एकच, आयुष्यभराच्या व्हिटॅमिन गोळ्यांचा खर्च पॅकेज सांगताना कुणी सांगत नाही.