टिळकवाडीतला रविवारचा ‘सी’चा वर्ग

बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी सकाळी भरणाऱ्या ‘सी’ या संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वर्गाला मी खानापूरहून सलग सहा आठवडे गेले. पदविकेच्या मुलांना मी हीच भाषा शिकवते. तरीही तिचे नियम असेच का आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते. इथले सर प्रत्येक नियमाची सुरुवात तो ज्या अडचणीतून आला तिथून करतात. ते मराठीतून शिकवतात आणि कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना तेच पुन्हा कन्नडमध्ये समजावतात.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘एक्स=-१’ लिहून आम्हाला वाचायला सांगितले. एक्सची किंमत उणे एक, असे सगळेच म्हणालो. परंतु अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डेनिस रिची ही भाषा घडवत होते तेव्हा, त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांच्या आधीच्या ‘बी’ भाषेतून आलेल्या रीतीप्रमाणे, याच ओळीचा अर्थ एक्समधून एक वजा करा असा होत असे; हा घोळ १९७६ मध्ये चिन्हांचा क्रम उलटवून मिटवला गेला आणि आजचे -= रूढ झाले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो संख्यांच्या बिटांवर (० आणि १ या अंकांवर) काम करणाऱ्या & चा तास. ‘बी’मध्ये दोन अटी जोडायलाही एकेरी & च वापरत. पुढे त्यासाठी && हे वेगळे चिन्ह आले, पण तोवर लिहिलेले प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून एकेरी & चा अग्रक्रम (कोणती क्रिया आधी होणार तो क्रम) होता तिथेच, म्हणजे == या ‘समान आहे का’ पाहणाऱ्या चिन्हाच्या खाली, राहू दिला. त्यामुळे आजही ‘ए & बी == सी’ लिहिले की आधी बी आणि सी या दोन किमतींची तुलना होते, ए चा विचार नंतर. मुलांच्या वह्यांतली ही चूक मी वर्षानुवर्षे लाल शाईने दुरुस्त केली आणि ‘कंस घाला’ एवढेच सांगत आले.

फंक्शनच्या (प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या तुकड्याच्या) कंसातच व्हेरिएबलचे, म्हणजे त्याला दिल्या जाणाऱ्या किमतींचे, प्रकार लिहिण्याची १९८९ च्या एएनएसआय (अमेरिकी मानक संस्था) मानकातली पद्धत ‘सी’वरूनच बनलेल्या सी++ भाषेकडून आली, हेही इथेच कळले.

तक्रार एकच आहे. भाषेच्या मानकात १९९९ पासून २०२३ पर्यंत झालेले बदल शेवटच्या अर्ध्या तासात उरकले गेले आणि संगणकांवर अजून निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलरच (प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत बदलणारे सॉफ्टवेअर) असल्यामुळे ते करूनही पाहता आले नाहीत. तिथे जीसीसी हा आजचा कंपायलर बसवला, तर पुढच्या तुकडीला मी माझ्या मुलांना घेऊन येईन.