सिलिअॅक की आतड्यांचा दाह: आधी कोणती तपासणी आणि मग कोणते उपचार

महिनोन्महिने जुलाब, पोटदुखी आणि वजनातील घट असे त्रिकूट जमले की मनात दोन शंका येतात: गव्हामुळे होणारा सिलिअॅक, की क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दाहाच्या विकारांपैकी एखादा? दोन्ही प्रकारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, त्यामुळे सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. उपचार मात्र इतके वेगळे आहेत की निदानातील गोंधळ परवडणारा नाही.

सर्वांत मोठी चूक निदानाच्या आधीच घडते. कोणीतरी सुचवते, रुग्ण गहू सोडतो, थोडे बरे वाटते आणि तपासणी राहून जाते. गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन आहारातून गेले की रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) हळूहळू उतरतात व आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते; मग सिलिअॅक असूनही चाचण्या नकारात्मक येऊ शकतात आणि खात्री करण्यासाठी काही आठवडे पुन्हा ग्लुटेन खावे लागते. शिवाय गहू सोडल्यावर बरे वाटणे हा पुरावा नव्हे, कारण गव्हातील फ्रुक्टान या शर्करा न सोसणाऱ्या व्यक्तीलाही तसाच आराम पडतो. म्हणून आहार बदलण्याआधी रक्त तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

ही रक्ततपासणी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार), आणि तिच्यासोबत एकूण आयजीएची पातळीही पाहावी लागते, कारण ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते त्यांचा अहवाल खोटा दिलासा देतो. प्रौढांमध्ये शिक्कामोर्तब सहसा एंडोस्कोपीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील तुकडे काढून होते. तेथील अन्नरस शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सपाट झालेले दिसतात. एचएलए डीक्यू २ आणि डीक्यू ८ या जनुकांची चाचणी नकारात्मक आली तर सिलिअॅक जवळजवळ बाद होतो. सकारात्मक आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुके अनेक निरोगी माणसांतही असतात.

दाहाच्या विकारांची वाट वेगळी आहे. शौचातून रक्त पडणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, गुदद्वाराजवळ भगंदर (फिस्टुला): ही चिन्हे सिलिअॅकपेक्षा इकडे बोट दाखवतात. उलट, औषधाने न हटणारा लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा, ठिसूळ हाडे किंवा कोपर-गुडघ्यांवरचे खाजरे फोड असतील आणि पोटाची तक्रार फारशी नसेल, तर आधी सिलिअॅकचा विचार करावा. दाह आहे की नाही हे मलातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे दाहात वाढणारे प्रथिन, सुचवते, पण निदान कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) आणि बायप्सीवरच ठरते. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि बहुतांशी अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मधले भाग सोडून, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसू शकतो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू करण्यापूर्वी क्षय नाही ना, हे तपासणे टाळू नये.

सिलिअॅकवर औषध नाही, पण उपाय आहे: आयुष्यभर ग्लुटेनमुक्त आहार. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका किलोग्रॅमला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसलेल्या अन्नाला ग्लुटेनमुक्त म्हणता येते, त्यामुळे गव्हाच्या पिठाची चाळणी दुसऱ्या पिठाला वापरणेही येथे महत्त्वाचे ठरते. अधूनमधून चालेल, ही सवलत मला तरी धोकादायक वाटते.

दाहाच्या विकारांत आहार हा सहसा दुय्यम आधार असतो. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसला मेसालामीन उपयोगी पडते. स्टिरॉइड भडका शमवतात, मात्र ते दीर्घकाळ घ्यायचे नसतात. त्यानंतर अझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे येतात. मोठे आतडे काढल्यावर त्यातील अल्सरेटिव्ह कोलायटिस संपतो, पण क्रोन्स शस्त्रक्रियेनंतरही परतू शकतो, आणि धूम्रपान चालू असेल तर त्याची शक्यता वाढते.

दोन्ही विकार एकाच व्यक्तीत असू शकतात. सिलिअॅकचे निदान होऊन काटेकोर आहार पाळला आणि तरीही जुलाब थांबले नाहीत, तर आधी नकळत पोटात जाणारे ग्लुटेन शोधावे आणि ते न सापडल्यास मलातील कॅल्प्रोटेक्टिन करून घ्यावे.